सॉना हीटरची केबल वारंवार करपते तेव्हा : लक्षणे, तपासण्या आणि उष्णतारोधक केबलची निवड

लक्षणे

घरगुती सॉनाच्या, म्हणजे दगड भरलेल्या विजेच्या हीटरने तापवायच्या लाकडी स्नानखोलीच्या, हीटरकडे जाणारी केबल एकदा करपली तर तो अपघात मानता येतो. बदललेली केबलही काही महिन्यांत त्याच जागी आणि तशीच करपली, तर दोष केबलच्या तुकड्यात नसून तिच्या निवडीत, मार्गात किंवा जोडणीत असतो. हा एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की हीटरचे झाकण उघडण्याआधी, नुसती लक्षणे ऐकूनच, आत काय दिसणार याचा बराचसा अंदाज येतो.

सर्वांत आधी जाणवतो तो वास. हीटर सुरू करून वीस-तीस मिनिटे झाली की तापलेल्या लाकडाच्या वासात मिसळलेला एक करपट, कधी कधी चक्क मासळीसारखा वास येऊ लागतो. तो बहुधा कनेक्टरच्या किंवा बॅकेलाइटच्या (कडक, तपकिरी प्लास्टिकच्या) तापलेल्या भागाचा असतो, आणि अनेक जण दगडांवरची धूळ जळत असेल असे समजून त्याकडे दुर्लक्ष करतात. धुळीचा वास एक-दोन वापरांत जातो; हा वास प्रत्येक वेळी येतो आणि दर वेळी थोडा लवकर येतो.

दुसरे लक्षण हाताला कळते. मेन स्विच बंद करून, हीटर पूर्ण थंड झाल्यावर केबलचा शेवटचा वीतभर भाग हळूच वाकवून पाहावा. चांगली केबल मऊपणे वाकते, तर उष्णतेने मेलेली केबल वाळक्या काटकीसारखी कडक लागते, तिच्यावर बारीक भेगा पडतात आणि पांढरे आवरण पिवळट-तपकिरी झालेले दिसते. काही वेळा उलट घडते आणि आवरण चिकट, तेलकट लागते.

तिसरे लक्षण ट्रिप होण्याचे आहे, आणि येथे वेळ नीट लक्षात ठेवावी. एमसीबी (जादा करंट वाहिल्यास आपोआप पडणारा बोर्डवरचा स्विच) हीटरचा स्विच लावताक्षणी पडत असेल तर शॉर्ट सर्किट झालेले असते. तीच एमसीबी अर्ध्या-पाऊण तासाने पडत असेल, आणि थंड झाल्यावर पुन्हा निमूटपणे लागत असेल, तर कोठेतरी उष्णता साचत असते. आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर प्रश्न गळणाऱ्या करंटचा असतो, आणि त्याची कारणे अगदी वेगळी निघू शकतात. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

याखेरीज खोली तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागणे, हीटरमधल्या तापणाऱ्या तीनपैकी एक कॉइल थंड राहणे, किंवा हीटरच्या तळाशी बारीक चरचर ऐकू येणे हीदेखील याच बिघाडाची रूपे आहेत. चरचर ऐकू आली तर पुढच्या तपासण्या हीटर चालू ठेवून करू नयेत. त्याच क्षणी मेन बंद करावा.

जाडी आणि उष्णता हे दोन वेगळे प्रश्न आहेत

तपासण्यांकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण बिघाड परत परत येण्याचे मूळ बहुतेक वेळा त्यातच असते. केबल जळाली की पुढची केबल एक माप जाड घ्यायची, ही सर्वसाधारण पद्धत आहे. तांब्याच्या तारेची जाडी, म्हणजे चौरस मिलिमीटरचे माप, फक्त इतकेच ठरवते की ती किती करंट स्वतः फार न तापता वाहून नेईल. बाहेरून येणारी उष्णता आवरणाला किती सोसेल, हे त्या मापावरून कळत नाही. ते आवरणाच्या पदार्थावर अवलंबून असते.

साध्या पीव्हीसी केबलमध्ये तारेचे तापमान जास्तीत जास्त ७० अंश सेल्सिअस असावे, असे गृहीत धरलेले असते. चालू सॉनात छताजवळची हवा सहज ८० ते १०० अंशांपर्यंत जाते. म्हणजे त्या उंचीवर पीव्हीसीची केबल करंट न वाहताही मर्यादेपलीकडे गेलेली असते, आणि तेथे ४ चौरस मिमीऐवजी १० चौरस मिमीची केबल घातली तरी फरक पडत नाही.

मी पाहिलेल्या एका सॉनात केबल तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली होती. आधी ४, मग ६, मग १० चौरस मिमी असा तिचा प्रवास झाला होता, आणि तिन्ही वेळा ती पीव्हीसीचीच होती. शेवटची केबल इतकी ताठ होती की झाकण बसवताना तिने टर्मिनल ब्लॉक (तारा स्क्रूखाली जोडण्याचा ठोकळा) एका बाजूला ओढून धरला होता. एका स्क्रूचा अर्धा भागच तारेवर टेकत होता आणि त्याभोवतीचे प्लास्टिक वितळून मेणासारखे ओघळले होते. जाड केबल घालून दोष कमी होण्याऐवजी वाढला होता.

पहिली तपासणी : केबलवर काय छापले आहे

याला खर्च नाही आणि बॅटरी सोडून कोणतेही साधन लागत नाही. मेन बंद करून हीटरकडे जाणाऱ्या केबलचा दिसणारा भाग पुसावा आणि तिच्यावरची छपाई वाचावी. ठरावीक अंतराने छपाईची पुनरावृत्ती होत असते, म्हणून एका ठिकाणी पुसली गेली असेल तर थोडे पुढे पाहावे. छपाईच नसेल तर केबल पीव्हीसीची आहे असे धरूनच पुढे जावे.

येथे अक्षरांची गफलत फार होते. ‘एफआर’ किंवा ‘एफआरएलएस’ असे छापलेली केबल उष्णतारोधक असते, हा समज चुकीचा आहे. एफआर म्हणजे आग लागल्यास ज्योत केबलवरून पुढे पसरू नये यासाठी केलेली तरतूद, आणि एफआरएलएसमध्ये त्या जोडीला धूर कमी निघतो. रोजच्या वापरात ती केबल किती तापमानात टिकेल, याच्याशी या अक्षरांचा संबंध नाही. आतले आवरण पीव्हीसीचे असेल तर मर्यादा ७० अंशांचीच राहते. ‘एचआर’ छापलेले पीव्हीसी थोडे बरे, ८५ अंशांपर्यंतचे असते, पण सॉनाच्या आतल्या भागासाठी तेही अपुरे आहे. एक्सएलपीई (उष्णतेला अधिक टिकणारे पॉलिथिन) आवरणाची मर्यादा ९० अंश असते. सिलिकॉन रबरची केबल साधारण १८० अंशांची असते, आणि युरोपीय पद्धतीच्या छपाईत ती ‘एच०५एसएस-एफ’ किंवा ‘एसआयएचएफ’ अशी दिसते.

ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण वारंवार करपणाऱ्या केबलींपैकी बहुतेकींचा शोध माझ्या अनुभवात येथेच संपतो. छपाई पीव्हीसीची निघाली आणि केबल सॉनाच्या आत वरच्या भागातून जात असेल, तर पुढच्या तपासण्यांत काहीही आढळले तरी ती बदलावीच लागते. तरीही पुढच्या तपासण्या टाळू नयेत. चुकीच्या केबलबरोबर ढिला स्क्रूही असतो, आणि केबल बदलून तो तसाच राहतो.

दुसरी तपासणी : दगड आणि हवेची वाट

केबलच्या तक्रारीसाठी दगड उपसायला सांगितले की लोक चकित होतात, पण हीटरच्या तळाशी असलेला टर्मिनलचा कप्पा थंड राहतो तो खालून आत शिरणाऱ्या हवेमुळे. कॉइल तापतात, हवा वर जाते, तिची जागा घ्यायला खालून गार हवा येते, आणि त्या वाटेवर टर्मिनल असते. दगड ठासून भरले, बारीक चुरा तळाशी साचला किंवा हीटर जमिनीला आणि भिंतीला नको इतका जवळ बसवला, तर हा प्रवाह थांबतो आणि उष्णता खालच्या दिशेने परत येते. मग एरवी पुरी पडणारी केबलही करपू लागते.

थंड हीटरमधून सगळे दगड काढावेत, फुटलेले आणि हाताने चुरा होणारे बाजूला टाकावेत, तळाचा चुरा साफ करावा. मोठे दगड खाली आणि लहान वर, मध्ये हवेला फटी राहतील असे रचावेत. कॉइलवर दगडाचा भार येऊ देऊ नये आणि कॉइल उघड्याही ठेवू नयेत. हे काम वर्षातून एकदा तरी करायचे असते. त्याच वेळी हीटरचे जमिनीपासूनचे आणि भिंतीपासूनचे अंतर मोजून ते माहितीपुस्तिकेतील किमान अंतराशी ताडून पाहावे.

तापमानाच्या सेन्सरकडेही एक नजर टाकावी. सेन्सर हवा आत येण्याच्या झरोक्याजवळ असेल तर त्याला खोली कायम थंडच वाटते, कंट्रोलर हीटर बंदच करत नाही आणि सगळी यंत्रणा विसावा न घेता तापत राहते.

तिसरी तपासणी : केबल कोठून जाते

येथे मोजपट्टी लागते. सॉनाच्या खोल्यांसाठी आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ७-७०३ हा स्वतंत्र भाग आहे, आणि त्यात खोलीचे विभाग पाडलेले आहेत. हीटरच्या भोवतालचा अर्ध्या मीटरपर्यंतचा भाग हा पहिला विभाग. तेथे हीटरशी संबंधित नसलेले कोणतेही विद्युत साहित्य असू नये. त्याच्या बाहेर, जमिनीपासून १ मीटर उंचीपर्यंतचा भाग हा दुसरा विभाग, ज्यात उष्णतेसाठी खास अट नाही. १ मीटरच्या वरचा भाग हा तिसरा विभाग. तेथील साहित्याला किमान १२५ अंश आणि केबलच्या आवरणाला किमान १७० अंश सोसले पाहिजेत.

हे आकडे समजले की काही विरोधाभास आपोआप उलगडतात. अनेक हीटरच्या पुस्तिकांमध्ये जोडकेबल म्हणून ‘एच०७आरएन-एफ’ ही जाड काळ्या रबराची केबल सांगितलेली असते, आणि तिची मर्यादा तर साधारण ६० अंशांची असते. मग पीव्हीसी नाकारून ही का घ्यायची, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ती केबल जमिनीलगत, हीटरच्या खालून येणार असे गृहीत धरलेले असते, आणि तेथील हवा छताच्या मानाने बरीच गार असते. शिवाय रबर उष्णतेने वितळून ओघळत नाही, आणि पीव्हीसीइतक्या लवकर ठिसूळही होत नाही. तीच केबल छताजवळून खाली आणली तर मात्र ती मुळीच योग्य ठरत नाही. केबल आणि तिची जागा यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

म्हणून केबल भिंतीत कोठून शिरते, किती उंचीवरून जाते आणि कोठे बाहेर पडते, याचे कागदावर साधे चित्र काढावे. हीटरच्या मागच्या भिंतीतून वरून खाली येणारी केबल हा सर्वांत वाईट मार्ग होय. लाकडी फळ्यांच्या मागे, ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या आतल्या बाजूने जाणारी केबल खोलीइतकीच तापते. फॉइलच्या मागे उष्णतारोधक थरात पुरलेली केबल तापते ती वेगळ्या कारणाने, कारण तिची स्वतःची उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त लांबी अशी पूर्ण वेढली गेली तर तिची करंट वाहण्याची क्षमता निम्मी धरावी लागते. तो थर थर्माकोलचा असेल आणि पीव्हीसी त्याला टेकत असेल तर आवरणाला मऊ ठेवणारा तेलकट पदार्थ थर्माकोलमध्ये उतरतो, आणि केबल अधिक लवकर ठिसूळ होते.

चौथी तपासणी : करंटचे गणित

हीटरच्या पाटीवर त्याची शक्ती किलोवॅटमध्ये दिलेली असते. ६ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर सुमारे २६ अँपिअर घेतो, आणि तोच ४०० व्होल्टच्या थ्री फेजवर प्रत्येक फेजमधून सुमारे ८.७ अँपिअर. हा करंट मिक्सरसारखा क्षणभराचा नसतो, तर तासभर सलग वाहतो, म्हणून येथे ‘चालून जाईल’ हा हिशेब चालत नाही.

आता उदाहरणादाखल पीव्हीसीची ४ चौरस मिमी केबल घेऊ. भिंतीवरच्या पाइपमधून, भोवतालचे तापमान ३० अंश असताना, ती सुमारे ३२ अँपिअर वाहते, आणि २६ अँपिअरला पुरेशी वाटते. पण भोवतालचे तापमान ६० अंश झाले की मानकातील तक्त्यानुसार तिची क्षमता निम्मी, म्हणजे १६ अँपिअर होते. ६ चौरस मिमीची केबल घेतली तरी ४१ चे साधारण २० होतात. १० चौरस मिमीला कसेबसे २८ उरतात, आणि भोवतालची हवा ७० अंशांवर गेली की कोणत्याही जाडीच्या पीव्हीसीची क्षमता शून्य होते. एक्सएलपीईचा गुणक, म्हणजे क्षमतेचा उरणारा हिस्सा, ६० अंशांना ०.७१ आणि ८० अंशांना ०.४१ असतो. वर सांगितलेल्या सॉनातील १० चौरस मिमीची केबल का टिकली नाही, याचे उत्तर या चार ओळींत आहे.

याच टप्प्यावर एमसीबी कोठे बसवली आहे हेही पाहावे. घरगुती एमसीबीची ट्रिप होण्याची मर्यादा ३० अंशांना जुळवलेली असते. वाटणीचा बोर्ड सॉनाच्या गरम भिंतीला लागून असेल, तर केबल निर्दोष असतानाही एमसीबी अर्ध्या तासाने पडू शकते. तिच्यावर उपाय म्हणून मोठी एमसीबी बसवणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोकादायक शॉर्टकट आहे. ३२ च्या जागी ४० लावल्यावर ट्रिप होणे थांबते, कारण जळण्याची पाळी आता केबलवर आलेली असते.

पाचवी तपासणी : टर्मिनलचा कप्पा

येथून पुढे झाकण उघडावे लागते. बोर्डवरचा हीटरचा स्विच बंद करून त्यावर कुलूप किंवा निदान ‘लावू नये’ अशी चिठ्ठी लावावी, आणि टर्मिनलवर व्होल्टेज नाही याची मल्टिमीटरने, प्रत्येक तार दुसऱ्या तारेशी व अर्थशी ताडून, खात्री करावी. मीटर स्वतः चालतो की नाही हे आधी आणि नंतर एखाद्या चालू पॉइंटवर पाहून घ्यावे. केवळ टेस्टरच्या दिव्यावर विसंबून हात घालू नये. ज्याला एवढे नीट करता येत नसेल त्याने येथेच थांबून इलेक्ट्रिशियनला बोलवावे, त्यात कमीपणा काहीच नाही.

आत पाहताना सर्व तारांची एकमेकींशी तुलना करावी, कारण काय बिघडले आहे हे त्यातूनच कळते. सर्व तारा सारख्याच कडक आणि काळवंडलेल्या असतील तर दोष कप्प्यातील एकूण उष्णतेचा, म्हणजे केबलचा प्रकार, दगड किंवा अंतर यांचा आहे. एकच तार टोकाशी करपलेली असेल आणि बाकीच्या ठीक असतील, तर दोष त्या एका जोडाचा आहे आणि केबलचा प्रकार कितीही चांगला असला तरी तो तेथे पुन्हा जळणारच.

ढिला जोड किती तापतो याची कल्पना सहसा येत नाही. स्क्रूखालच्या संपर्काचा रोध अवघा ०.०५ ओहम झाला, तर २६ अँपिअरला तेथे सुमारे ३४ वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंगची लहान इस्त्री साधारण एवढ्याच शक्तीची असते, आणि ती बंद कप्प्यात, प्लास्टिकच्या पोटात, तासभर चालू राहते. त्या उष्णतेने स्क्रू आणखी ढिला होतो, तांब्यावर काळा थर चढतो, रोध वाढतो, आणि चक्र वेगाने फिरू लागते.

तारेच्या टोकाला काय केले आहे तेही पाहावे. बारीक तारांची केबल पीळ देऊन तशीच स्क्रूखाली दाबली असेल, तर निम्म्या तारा बाजूला सरकलेल्या असतात. टोकाला कथील चढवून स्क्रूखाली धरले असेल तर ते त्याहून वाईट, कारण कथील दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही महिन्यांनी घट्ट आवळलेला स्क्रू आपोआप ढिला होतो. योग्य मापाचे थिंबल (तारेच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) योग्य अवजाराने दाबून बसवणे हाच खरा मार्ग आहे, आणि गरम कप्प्यात ते निकेलचा मुलामा दिलेले असावे. वितळलेला प्लास्टिकचा कनेक्टर पुसून परत वापरू नये. त्याच्या जागी चिनी मातीचा किंवा हीटर बनवणाऱ्याने दिलेलाच टर्मिनल ब्लॉक बसवावा.

जुनी केबल थोडी कापून पुन्हा जोडण्याचा मोह होतो. तार सोलल्यावर तांबे चकचकीत, लालसर दिसले तरच ती वापरण्याजोगी समजावी. फार तापलेले पीव्हीसी आम्लाचे वायू सोडते, आणि ओलाव्याबरोबर ते तांब्याला आतपर्यंत काळे करतात. काळ्या तारेवर नवीन थिंबल कितीही घट्ट दाबले तरी संपर्क चांगला होत नाही. एका ठिकाणी मी चकचकीत तांबे लागेपर्यंत चाळीस सेंटिमीटर कापत गेलो, आणि अखेर सबंध केबलच काढली.

सहावी तपासणी : मीटर आणि मेगर

कॉइल टर्मिनलपासून सोडवून प्रत्येकीचा रोध मोजावा. २३० व्होल्टची २ किलोवॅटची कॉइल सुमारे २६ ओहम दाखवते आणि ३ किलोवॅटची सुमारे १७.६ ओहम. तीन कॉइलचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एक अनंत दाखवत असेल तर ती कॉइल तुटलेली आहे आणि खोली उशिरा तापण्याचे कारण सापडले.

आरसीसीबी पडत असेल तर केबल आणि कॉइल वेगळ्या करून ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा, म्हणजे इन्सुलेशनचा, रोध मोजणाऱ्या मीटरने) दोन्ही स्वतंत्रपणे तपासाव्यात. कंट्रोलरचा इलेक्ट्रॉनिक भाग आधी सोडवून ठेवावा, नाहीतर तो मेगरच्या व्होल्टेजने जातो. केबलचा इन्सुलेशन रोध १ मेगाओहमपेक्षा कमी आला तर केबल दोषी आहे. केबल चांगली आणि कॉइलच कमी दाखवत असतील, तर लगेच कॉइल बदलायला घेऊ नये. कॉइलच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतील ओलावा शोषून घेते, आणि नवीन किंवा बरेच महिने बंद असलेल्या हीटरमध्ये त्यामुळे काही काळ करंट गळतो. काही वेळा तापवल्यावर ओलावा निघून जातो आणि आकडा वर येतो. हे माहीत नसल्याने निर्दोष केबल बदललेली मी पाहिली आहे. ही सुकवण मात्र पुस्तिकेतील पद्धतीनेच करावी. त्यासाठी अर्थची तार सोडणे किंवा आरसीसीबीला बगल देणे जिवावर बेतू शकते.

केबल निवडताना

सॉनाच्या आतील १ मीटरवरच्या भागासाठी, आणि सॉनाच्या भिंतीतून जाणाऱ्या भागासाठी, सिलिकॉन रबरची केबल हा माझ्या मते योग्य पर्याय आहे. तिच्या तारा बहुधा कथलाचा मुलामा दिलेल्या असतात, ती थंड असतानाही मऊ राहते, आणि जळाली तरी तिची राख वीजवाहक नसते. तिचा दुबळेपणा एकच, तो म्हणजे तिला धार सोसत नाही. पत्र्याच्या छिद्रातून ओढताना तिचे आवरण नखाने सोलल्यासारखे फाटते. म्हणून प्रत्येक छिद्राला ग्लँड (केबल घट्ट धरणारी कडी) किंवा सिलिकॉनचे बुच बसवावे, आणि जेथे घासण्याची शक्यता असेल तेथे काचेच्या धाग्याचे विणकाम असलेली केबल घ्यावी. निव्वळ काचधाग्याचे आवरण असलेली, आत सिलिकॉन नसलेली केबल मात्र टाळावी. ती उष्णता सोसते, पण वाफ शोषून घेते आणि आरसीसीबी पाडते. टेफ्लॉनची केबल २६० अंशांपर्यंत टिकते, पण घरगुती सॉनात तिची सहसा गरज पडत नाही.

सबंध घरातून सिलिकॉनची केबल ओढण्याचे कारण नाही. नेहमीची केबल सॉनाच्या बाहेरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत आणावी आणि तेथून हीटरपर्यंतचाच भाग उष्णतारोधक घ्यावा. बॉक्स आतच घ्यावा लागला तर तो पाण्याचे शिंतोडे सोसणारा आणि जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आत असावा. हिरवी-पिवळी अर्थची तारही त्याच दर्जाची घ्यावी. फेज आणि न्यूट्रल सिलिकॉनचे, अर्थ मात्र उरलेल्या पीव्हीसीची, अशी जोडणी पुष्कळदा आढळते, आणि त्यात नेमकी जीव वाचवणारी तार आधी उघडी पडते. सेन्सरची बारीक केबल छताजवळ असते, त्यामुळे तिलाही हाच नियम लागू होतो.

कोठे थांबावे

पुढीलपैकी काहीही दिसले तर स्वतःचे काम थांबवावे, हीटर बंद ठेवावा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवावे. केबलजवळचे लाकूड तपकिरी-काळे झाले असेल, तर ते वारंवार तापून पूर्वीपेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकते. तेथे फळ्या काढून आतली सगळी केबल पाहावी लागते. टर्मिनलच्या कप्प्यात पाणी किंवा हिरवट गंज असणे, अर्थिंग नसणे किंवा ते आहे याची खात्री नसणे, हीटरच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येणे, पूर्वी कोणी मोठी एमसीबी बसवलेली आढळणे, जोडणी थ्री फेज असून न्यूट्रल कोठे जाते हे न कळणे, आणि नवीन केबल घालूनही त्याच जागी वास येणे, ही सर्व थांबण्याची कारणे आहेत. अनेक देशांत सॉनाची कायमची जोडणी कायद्यानेच परवानाधारकाकडून करावी लागते. तसे असेल तेथे वरच्या पहिल्या तीन तपासण्या आपण कराव्यात, मार्गाचे चित्र आणि हीटरच्या पाटीचा फोटो त्याच्या हातात द्यावा. त्याचा अर्धा वेळ वाचतो.

जोडणी झाल्यावर तीन-चार वेळा हीटर पूर्ण तापवून थंड होऊ द्यावा, आणि मग मेन बंद करून टर्मिनलचे स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने पुन्हा एकदा तपासावेत. बसवलेल्या केबलचा, छपाई दिसेल असा, वीतभर तुकडा तारीख लिहून बोर्डाच्या दाराच्या आत बांधून ठेवण्याची मला सवय आहे. पुढे कधी आवरण कडक झाल्याचा संशय आला, तर दोन्ही एकाच वेळी वाकवून पाहता येतात.